लघवीचं इन्फेक्शन बरं होऊन पुन्हा येतंय? गोळी बदलण्याआधी क्रमाने तपासायच्या गोष्टी

मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करते. लघवीच्या जळजळीचे पेशंट रोजच असतात आणि बहुतेक जण पाच दिवसांच्या औषधाने बरे होतात. ही पोस्ट उरलेल्यांसाठी आहे. दोन-तीन महिन्यांनी परत येणाऱ्या, पिशवीतून चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवणाऱ्या बायकांसाठी आणि काही पुरुषांसाठीही. त्या चिठ्ठ्यांवर दर वेळी वेगळं, आधीपेक्षा भारी अँटिबायोटिक असतं आणि कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट एकही नसतो. अशा प्रत्येक पेशंटला मी याच क्रमाने तपासते. सुरुवातीच्या गोष्टींना एक रुपयाही लागत नाही, आणि बऱ्याच जणींचं उत्तर तिथेच सापडतं.

आधी लक्षणं नीट ओळखा

इन्फेक्शन मूत्राशयापुरतं, म्हणजे लघवीच्या पिशवीपुरतं असेल तर लघवी करताना आणि संपता संपता जळजळ होते. सारखं लागतं, पण गेल्यावर थेंबभरच होते. एकदा लागली की थांबवता येत नाही. ओटीपोटात जडपणा किंवा कळ असते. लघवी गढूळ दिसते, कधी लालसरही. ताप नसतो, किंवा अगदी कणकण असते.

इन्फेक्शन वर किडनीपर्यंत गेलं असेल तर चित्र वेगळं दिसतं. हुडहुडी भरून ताप येतो, बरगड्यांच्या खाली पाठीत एका बाजूला दुखतं, मळमळ-उलटी होते, अंगात त्राण राहत नाही. लघवीची जळजळ यात कधी कधी नसतेच.

तिसरा प्रकार म्हणजे जे इन्फेक्शनसारखं वाटतं, पण नसतं. लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की आग होते, खाज आहे, अंगावरून दह्यासारखं पांढरं जातंय, तर बहुतेक वेळा ते योनीमार्गाचं फंगल इन्फेक्शन असतं. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर ते वाढतं. म्हणून मी पहिलाच प्रश्न विचारते, "आग आत होते की बाहेरच्या कातडीला?" बायका क्षणभर थांबतात आणि अगदी अचूक सांगतात. नुसता उग्र वास किंवा गडद पिवळा रंग, बाकी काहीच नाही, तर बहुधा पाणी कमी पडलेलं असतं.

वैद्यकीय भाषेत "वारंवार" म्हणजे सहा महिन्यांत दोन वेळा किंवा वर्षात तीन वेळा. वर्षातून एकदा उन्हाळी लागली तर या सगळ्या तपासण्यांच्या मागे लागायची गरज नाही.

यातलं काही असेल तर पुढचं वाचू नका, आजच दवाखान्यात जा

थंडी वाजून ताप आणि पाठीत दुखणं. उलट्यांमुळे गोळी पोटात न टिकणं. लघवी पूर्ण अडकणं. लघवीतून रक्ताच्या गाठी जाणं. वृद्ध माणूस अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागणं किंवा सुस्त पडणं. गरोदर असताना कुठलीही जळजळ. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. एकच किडनी असणं, किडनी बदललेली असणं, कॅन्सरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणं.

मुतखडा आहे हे आधीपासून माहीत आहे आणि आता ताप आलाय, तर रात्र काढू नका. खड्याने वाट अडली आणि वर पू साठला तर नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. नळी टाकून त्याचा निचरा करावा लागतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

पहिली तपासणी: तारखा (खर्च शून्य)

कॅलेंडरवर किंवा मोबाइलमध्ये लिहा. त्रास कधी सुरू झाला, कोणतं औषध किती दिवस घेतलं, कधी पूर्ण बरं वाटलं आणि परत कधी आलं. किराणा-दूध लिहायच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे लिहिलं तरी चालतं.

हे सगळ्यात आधी का? औषध संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच त्रास परत आला तर बहुतेक वेळा जंतू मेलेलाच नसतो. औषध त्या जंतूवर चालणारं नसतं, डोस अर्धवट झालेला असतो, किंवा जंतूला आत कुठेतरी लपायला जागा असते, जसं की खडा किंवा पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी. महिना-दोन महिने अगदी छान गेले आणि मग परत आलं, तर जंतू बहुधा नव्याने शिरलेला असतो. पहिल्या प्रकारात कल्चर आणि सोनोग्राफीकडे लवकर वळायचं. दुसऱ्या प्रकारात पाणी, सवयी, साखर आणि वय यांच्याकडे बघायचं. नुसत्या तारखांवरून निम्मा रस्ता ठरतो.

तारखांसमोर आणखी दोन शब्द लिहा: प्रवास, लग्नकार्य, उपास, संबंध, पाळी, यातलं आदल्या दोन दिवसांत काय होतं ते. काही जणींना दर वेळी लांबच्या एसटी प्रवासानंतरच त्रास होतो आणि ते लिहून काढेपर्यंत त्यांच्या लक्षात आलेलं नसतं.

दुसरी तपासणी: पाणी किती पिता आणि लघवी किती वेळ दाबून ठेवता

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. पुरुषाचा वीसच्या आसपास. आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू, जो चारपैकी तीनहून अधिक वेळा या इन्फेक्शनच्या मुळाशी असतो, त्याला बाईच्या मूत्राशयापर्यंत जायला फार अंतर कापावं लागत नाही. त्याला बाहेर काढायचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे लघवीची धार. धारच चार-पाच तास लागली नाही तर जंतूला वाढायला वेळ मिळतो.

यावर एक चांगला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांना वारंवार इन्फेक्शन होत होतं आणि ज्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पदार्थ घेत होत्या, अशा १४० जणींपैकी अर्ध्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध नाही, फक्त पाणी.

पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांना पाणी प्यायचं कळत नाही असं अजिबात नाही. त्या ठरवून पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. ऊसतोडीच्या फडावर असलेली बाई, दिवसभर गाडीवर असलेली कंडक्टर, कापडदुकानात उभी असलेली मुलगी, बंदोबस्तावरची महिला पोलीस, आणि शाळेचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसलेली शिक्षिका, या सगळ्या सकाळी घोटभर चहावर निघतात आणि संध्याकाळी घरी येऊनच जातात. मुंबईत २०११ पासून बायकांनी "राइट टू पी" म्हणून चळवळ चालवली ती याच कारणासाठी. हा प्रश्न एकट्या बाईच्या सवयीचा नाही. पण तो सुटेपर्यंत शरीराला थांबता येत नाही, म्हणून जे हातात आहे ते करू.

उठल्यावर दोन भांडी पाणी पिऊन घरातून निघण्याआधी लघवीला जाऊन या. कामाच्या ठिकाणी दर तीन तासांनी जायचं, "लागलं तर जाऊ" असं नाही. जागा सोयीची नसेल तर सोबत एकीला घेऊन ठरलेल्या वेळी जा. घाण कमोडवर अर्धवट ओणवं उभं राहून लघवी करू नका, त्या अवस्थेत मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. भारतीय पद्धतीचं संडास असेल तर ते निवडा आणि नीट उकिडवं बसा. धार संपल्यावर क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. संध्याकाळी घरी आल्यावर उरलेलं पाणी भरून काढा. लघवी फिकट पिवळी दिसली की पाणी पुरेसं आहे असं समजा.

धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली, ताक यांना माझी हरकत नाही, उलट त्या निमित्ताने पाणी पोटात जातं. मात्र त्याने चढलेलं इन्फेक्शन उतरेल म्हणून चार दिवस वाट बघू नका. आणि हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. किडनीच्या पेशंटने नारळपाणीही विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

बद्धकोष्ठ असेल तर तेही इथेच सोडवा. गच्च भरलेलं मोठं आतडं मूत्राशयाला रेटतं आणि ते पूर्ण रिकामं होऊ देत नाही. लहान मुलींमध्ये तर कित्येकदा हेच एकमेव कारण निघतं.

तिसरी: धुण्याच्या सवयी आणि संबंध

इथे मी थोडक्यात सांगते, कारण याचा दोष बायकांच्या माथी गरजेपेक्षा फार जास्त मारला जातो. शौचाला जाऊन आल्यावर पुढून मागे धुवावं. संबंधांनंतर लघवी करून यावी. दोन्हीचा पुरावा फार भक्कम नाही, पण खर्च नाही आणि तोटाही नाही. डेटॉल, साबण, सुवासिक वॉश आत वापरू नका. योनीमार्गातले चांगले जंतू मरतात आणि ई. कोलायला मोकळं रान मिळतं. शुक्राणुनाशक लावलेले निरोध किंवा जेली वापरत असाल तर साधा निरोध वापरून बघा, कारण शुक्राणुनाशकाने हा धोका वाढतो हे नक्की ठाऊक आहे.

हा आजार म्हणजे अस्वच्छतेचा शिक्का नव्हे आणि साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनसाठी नवऱ्याला गोळ्या देण्याची गरज नसते. सासूबाई सोबत आल्या असतील तर हे मी त्यांच्यासमोर मुद्दाम मोठ्याने सांगते.

चौथी: घरातला औषधांचा डबा उघडा

हे बहुतेक ठिकाणी राहून जातं. सगळी औषधं, पट्ट्यांसकट, टेबलावर मांडा.

डायबेटीसच्या गोळ्या बघा. ज्यांच्या नावात "ग्लिफ्लोझिन" येतं, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, त्या रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. चांगलं औषध आहे, हृदयाला आणि किडनीला फायदा करतं. २०२० नंतर स्वस्त जेनेरिक आल्यापासून गावोगावी दिलं जातं. पण लघवीत साखर आली की बाहेरच्या त्वचेवर बुरशी वाढते, आग होते, आणि ती "लघवीचं इन्फेक्शन" म्हणून अँटिबायोटिकवर काढली जाते. पुरुषांना पुढच्या त्वचेला चिरा पडतात. गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना त्रास सांगा. तोवर दर वेळी लघवीनंतर ती जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा, यानेही बराच फरक पडतो. एक मात्र लक्षात ठेवा, ही गोळी चालू असताना लघवीच्या जागेची कातडी काळी-निळी पडून त्या भागात तीव्र वेदना, सूज आणि ताप आला तर थेट मोठं हॉस्पिटल.

दुसरं, लघवी "थंड" करायची गुलाबी-लाल सिरप. जळजळ कमी वाटायला लोक ती घेतात. ती लघवीची आम्लता मारते, जंतू मारत नाही. आणि नायट्रोफ्युरँटॉइन हे या आजाराचं नेहमीचं औषध आम्लधर्मी लघवीतच नीट काम करतं. दोन्ही एकत्र घेतली की औषधाचा जोर कमी होतो. तरीही एकाच चिठ्ठीवर दोन्ही लिहिलेली मला सारखी दिसतात. तसं असेल तर डॉक्टरांना विचारून सिरप वगळा.

तिसरं, वयस्कर पुरुषांसाठी सर्दीच्या गोळ्या. प्रोस्टेट वाढलेली असताना त्या घेतल्या तर लघवी तुंबते आणि तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन होतं.

आणि शेवटी डब्यात उरलेली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, यासाठीच आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये लाल रेघेची मोहीम काढली. आज दोन गोळ्या, उद्या बरं वाटलं की बंद, यात मरतात ते दुबळे जंतू. उरतात ते तगडे.

पाचवी: लघवीचा नमुना, आणि तो कसा दिलात

इथून पैसे लागायला सुरुवात होते, पण थोडेच. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, ग्रामीण रुग्णालयात साधी तपासणी करून घेता येते.

दुसऱ्यांदा त्रास झाला की नियम एकच: आधी कल्चरचा नमुना, मग गोळी. अँटिबायोटिकचा एक डोस जरी पोटात गेला तरी प्लेटवर जंतू उगवेनासा होतो आणि मग कोणतं औषध चालेल हे कळायची संधी जाते. जळजळ सहन होत नसेल तर नमुना देऊन लगेच औषध सुरू करता येतं, रिपोर्टसाठी थांबायला कोणी सांगत नाही. क्रम तेवढा पाळायचा.

नमुना असा द्या. लॅबमधून निर्जंतुक डबी आणा, घरातली धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. डबीचं झाकण आधी उघडू नका. हात धुवा, मग लघवीची जागा नुसत्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने टिपा. एका हाताची दोन बोटं वापरून त्वचा बाजूला धरा आणि ती शेवटपर्यंत सोडू नका. पहिली धार सोडून द्या. धार चालू असतानाच डबी मधे धरा, अर्धी भरली की काढून घ्या, उरलेली लघवी संडासात. डबीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाच्या आतून बोट लागू देऊ नका. पाळी चालू असेल तर तसं सांगा. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. नाहीच जमलं तर फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. उन्हाळ्यात पर्समध्ये चार तास फिरलेल्या डबीत दोन-चार जंतूंचे हजारो होतात आणि नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टात उमटतं.

सहावी: रिपोर्ट वाचताना काय बघायचं

पस सेल, म्हणजे पू-पेशी, पाचपर्यंत चालतात. त्याहून बरेच जास्त असतील आणि लक्षणं असतील तर इन्फेक्शनची शक्यता दाट. पण त्याच्या खालची "एपिथेलिअल सेल" ही ओळ आधी वाचा. त्या भरपूर असतील तर लघवीत त्वचेचा भाग मिसळला आहे, नमुना परत द्या. नायट्राइट पॉझिटिव्ह म्हणजे ई. कोलायसारखे जंतू असण्याचा चांगला पुरावा, निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीतच असं नाही.

लघवीत साखर तीन-चार प्लस आणि रक्तातली साखर ठीक, असं दिसलं तर घाबरू नका. वरची ग्लिफ्लोझिनवाली गोळी चालू असेल तर तसंच दिसतं. तशी गोळी चालू नसेल तर मात्र लगेच रक्तातली साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) करा. वारंवार इन्फेक्शन झालेल्या चाळिशीपुढच्या माणसाला डायबेटीस असल्याचं पहिल्यांदा इथेच कळतं, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. सोबत क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणीही करून घ्या, औषध निवडताना ते लागतं.

कल्चरमध्ये "मिक्स्ड ग्रोथ" लिहिलं असेल तर बहुतेक वेळा नमुना खराब होता. एकाच जंतूची वाढ आणि मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर मोजणी म्हणजे स्पष्ट इन्फेक्शन. ठळक लक्षणं असताना त्याहून कमी मोजणीही धरावी लागते. खाली औषधांची यादी असते, एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. हा कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी कोणत्याही गावात, कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी तो दाखवा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. लक्षणं काहीच नाहीत, पण रिपोर्टात जंतू आहेत, तर औषध घ्यायचं नाही. वय झालेल्या बायकांच्या, डायबेटीसवाल्यांच्या आणि कॅथेटर असलेल्यांच्या लघवीत जंतू शांतपणे राहतात. त्यांना मारायला गेलं की त्यांच्या जागी जास्त चिवट जंतू येतात. अपवाद दोनच: गरोदरपण, आणि लघवीच्या मार्गातली शस्त्रक्रिया ठरलेली असणं. त्यामुळे बरं वाटत असताना "सहज म्हणून" कल्चर करू नका.

सातवी: औषध बरोबर होतं का?

औषध डॉक्टरांनीच ठरवायचं, पण तुम्हाला प्रश्न विचारता यावेत म्हणून एवढं सांगते. बायकांच्या साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला आपल्या देशात आजही नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही दोन औषधं चांगली चालतात. पहिलं साधारण पाच दिवस, जेवणानंतर घ्यायचं, त्याने लघवी तपकिरी दिसू शकते आणि त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. दुसरं तीन ग्रॅमच्या पुडीचा एकच डोस, पाण्यात विरघळवून, रात्री झोपताना लघवी करून आल्यावर. दोन्ही औषधं किडनीच्या इन्फेक्शनला पुरत नाहीत, म्हणून ताप असेल तर ती चालणार नाहीत. किडनी बरीच कमजोर असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन नको.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन या घराण्यातली औषधं पूर्वी सर्रास दिली जायची. आपल्याकडच्या ई. कोलायवर ती आता फारशी चालत नाहीत आणि स्नायूबंध तुटण्यासारखे त्रास होतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्येच सांगितलं की साध्या इन्फेक्शनला दुसरा पर्याय असेल तर ती वापरू नयेत. तुमच्या जुन्या चिठ्ठ्यांवर दर वेळी तेच औषध असेल आणि दर वेळी पंधरा दिवसांत त्रास परत येत असेल तर कारण बहुधा सापडलंच.

औषध सुरू करून ४८ तासांत आराम पडला नाही तर मनाने गोळी बदलू नका. कल्चरचा रिपोर्ट घेऊन परत या.

आठवी: पाळी गेल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर

पंचावन्न-साठीच्या बायकांसाठी या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी पडते, तिथले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू जातात आणि आतड्यातले जंतू त्यांची जागा घेतात. कितीही पाणी प्या, मूळ जागेवरच राहतं.

यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मलम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, नुसतं मलमासारखं दिसणारं काही लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतका मोठा फरक या आजारात दुसऱ्या कुठल्याही प्रतिबंधक उपायाने पडलेला मी वाचलेला नाही. सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून दोनदा, असं साधारण ते वापरतात आणि गुण यायला काही आठवडे जातात. रक्तात त्याचा अंश फारच कमी जातो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर मात्र आधी त्या डॉक्टरांना विचारावं लागतं.

अडचण आहे ती संकोचाची. "या वयात तिथे मलम कशाला?" असं म्हणून बायका ट्यूब तशीच ठेवतात. मुलीच्या, सुनेच्या वयाच्या वाचकांना माझी विनंती आहे की आईला, सासूबाईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तुम्ही घेऊन जा.

नववी: सोनोग्राफी, पण योग्य प्रश्न विचारून

पोटाची सोनोग्राफी करताना लघवी झाल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते तेही मोजायला सांगा. चिठ्ठीवर "पोस्ट व्हॉइड रेसिड्यू" लिहून घ्या, नाहीतर ते राहून जातं. शंभर मिलिलिटरच्या वर लघवी उरत असेल तर तो साचलेला डोहच आहे, जंतू तिथे वाढणारच. पुरुषांत कारण बहुधा प्रोस्टेट, जुन्या डायबेटीसमध्ये मूत्राशयाच्या नसा, बायकांत कधी खाली सरकलेली गर्भाशयाची पिशवी. शिवाय खडा आहे का, किडनी सुजलीय का हे दिसतं. कल्चरमध्ये प्रोटियस नावाचा जंतू वारंवार येत असेल तर खडा शोधायलाच हवा, कारण तो जंतू स्वतःच खडे तयार करतो. खडा आत असेपर्यंत इन्फेक्शन जात नाही.

इथे थांबा आणि तज्ज्ञांकडे जा

पस सेल भरपूर, पण कल्चरमध्ये वारंवार "नो ग्रोथ". आधी अँटिबायोटिक घेतलं नव्हतं हे नक्की असेल तर टीबीचा विचार करावाच लागतो, खडा आणि संबंधांतून होणारे आजार यांच्याबरोबर. मूत्रमार्गाचा टीबी नेहमीच्या कल्चरवर उगवत नाही, त्यासाठी पहाटेच्या लघवीची वेगळी तपासणी लागते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. महिनोन्‌महिने जळजळ, बारीक ताप, वजन उतरणं असेल तर टाळू नका.

वेदना नसताना लघवीतून लाल रक्त गेलं, तेही चाळिशीपुढे, तर एकदाच गेलं असलं तरी यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच, मूत्राशयाच्या कॅन्सरचं ते पहिलं लक्षण असू शकतं. इन्फेक्शनचं औषध देऊन त्यात सहा महिने घालवू नयेत.

पुरुषांना पहिल्यांदा झालं तरी तपासणी लागते, कारण त्यांच्यात हा आजार सहसा विनाकारण होत नाही. प्रोस्टेटमध्ये जंतू असेल तर औषध काही आठवडे द्यावं लागतं. लहान मुलांना ताप आणि लघवीत जंतू सापडले तर बालरोगतज्ज्ञ सोनोग्राफी सुचवतात, ती करून घ्या. गरोदर बायकांनी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात लघवी तपासून घ्यावी.

वरचं सगळं करूनही त्रास येत राहिला तर प्रतिबंधक औषधांचा निर्णय तज्ज्ञ घेतात. मेथेनामाइन हे अँटिबायोटिक नसलेलं औषध रोजच्या कमी डोसच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं काम करतं असं ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं. क्रॅनबेरीने वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत धोका थोडा कमी होतो, पण बाजारातला गोड ज्यूस नव्हे, विशेषतः डायबेटीस असेल तर. डी-मॅनोज या एका प्रकारच्या साखरेच्या महागड्या पुड्यांचा मात्र उपयोग दिसला नाही, २०२४ मध्ये सुमारे ६०० बायकांवर झालेल्या अभ्यासाचा तोच निष्कर्ष आहे. ते पैसे कल्चरसाठी ठेवा. रोजचं कमी डोसचं अँटिबायोटिक हा शेवटचा पर्याय. त्यात नायट्रोफ्युरँटॉइन महिनोन्‌महिने घेतलं तर फुप्फुस, यकृत, नसांवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून मनाने चालू करू नका आणि चालू असेल तर तपासणी चुकवू नका.

यूरॉलॉजिस्टकडे जाताना या वस्तू पिशवीत असू द्या: तारखांचं कॅलेंडर, सगळे कल्चर रिपोर्ट जुन्यापासून नव्यापर्यंत लावलेले, सोनोग्राफी, एचबीए१सी आणि क्रिएटिनिनचे कागद, चालू औषधांच्या पट्ट्या, आणि तीन दिवसांची वही, ज्यात किती वाजता किती पाणी प्यालात आणि किती वाजता किती लघवी झाली हे मापाच्या भांड्याने मोजून लिहिलेलं असेल. जाताना लघवी करून जाऊ नका, तिथे धारेची तपासणी करतात आणि मूत्राशय भरलेलं लागतं.